स्टील की ॲल्युमिनियम?

प्रिय मिलिंददादा,

आज सकाळी रफिकभाई आले आणि पाठीवर बांधून तू पाण्यात उतरायचास त्या टाक्या घरातून घेऊन गेले. त्या जिथे उभ्या होत्या तिथे गॅलरीच्या फरशीवर दोन गोल डाग राहिलेत. मी फडकं ओलं करून पुसायला बसले होते. पुसले गेलेच नाहीत. मग वही काढली आणि तुला लिहायला घेतलं.

अडीच वर्षं झाली रे! एवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे बोलले. कंपनीतले बोलले, विहारातले बोलले, तू ज्यांची माणसं पाण्यातून काढून दिलीस त्यांच्यातले दोघं-तिघं लांबून येऊन बोलले. मी माइकपर्यंत गेले आणि परत येऊन आईशेजारी बसले. काय बोलणार होते? त्या दिवशी काठावर मीच होते हे सगळ्यांना माहीत होतं. स्टीलच्या टाक्या घे, असं तुला मीच सांगितलं होतं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

तुला तरी ते आठवत होतं का?

तू मुंबईला गेला होतास, जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका पाणबुड्याकडे जुना सेट बघायला. माझी शाळेत मधली सुट्टी होती. डबा उघडला आणि तुझा फोन आला.

“सुजू, पटकन सांग. स्टील की ॲल्युमिनियम?”

“मला काय विचारतोस? फरक काय दोन्हीत?”

“स्टीलच्यात हवा जास्त मावते. दणकट असतात. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की पाण्यात वर यायला बघते. वजनं बांधावी लागतात तिला.”

“मग असली तरंगणारी कशाला घेतोस? जे टिकेल ते घे.”

“झालं तर मग! स्टील!” म्हणून तू हसलास आणि फोन ठेवलास. मी पोळीचा तुकडा मोडला. एवढंच. एवढ्यात झालं ते.

दादा, मी विज्ञान शिकवते. पाण्यात बुडलेल्या वस्तूला पाणी किती वर ढकलतं, हे दरवर्षी नववीला फळ्यावर लिहून देते. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं आणि गोड्या पाण्यात बुडतं, हा प्रयोग माझ्याइतक्या वेळा नाशिकमध्ये कुणी केला नसेल. आणि माझा सख्खा भाऊ विचारत होता, तेव्हा मी भांडी घेतल्यासारखं उत्तर दिलं. टिकाऊ घे!

तुला दोन टाक्या कशासाठी हव्या होत्या हे मला पक्कं ठाऊक होतं. कॅनॉलमध्ये पोहायला शिकलेला तू. बाविसाव्या वर्षी दारणा नदीतून एका अनोळखी माणसाला नुसत्या छातीतल्या दमावर बाहेर काढलंस, आणि तेव्हापासून कुठेही कुणी बुडालं की पोलिसांचा फोन तुलाच. पुढे मालवणला जाऊन टाकी लावून उतरायला शिकलास. पण एका टाकीवर खोल खाणीत, गाळात चाचपडत माणूस शोधायचं म्हणजे जिवाशी खेळ, हे तू स्वतःच म्हणायचास. एकदा बावीस मीटरवर तुझ्या तोंडातला हवा देणारा रेग्युलेटर बिघडला आणि सगळी हवा भसाभसा बाहेर पडायला लागली. कसाबसा वर आलास. त्या दिवशी गाडीवर मागे बसले होते तर तुझी पाठ थरथरत होती.

“दोन टाक्या पायजे, सुजू,” तू म्हणालास. “मधे जोडनळी, त्यावर झडप. एका बाजूला काही झालं की ती बाजू बंद, दुसरीवर वर यायचं.”

दिवसभर कारखान्यात झडपाच जुळवणारा माणूस तू. तो सेट घरी आला तेव्हा तू बाजूच्या काकूंनासुद्धा झडप फिरवून दाखवलीस! त्या बिचाऱ्या म्हणाल्या, “आमच्या गॅसला असतं तसंच हाये की.”

आणि पाण्यात माणसाला तोलून धरणारी पाठीवरची ती हवेची पिशवी. विंग. तू सगळ्यात मोठी घेतलीस. “जितकी मोठी तितकी सुरक्षित,” म्हणालास. जुनी होती, नळी जिथे पिशवीला जोडलेली असते तिथलं रबर कडक पडलं होतं. मी बोटाने दाबून पाहिलं होतं, दादा. मला ते कडक लागलं होतं. मी काही बोलले नाही. तुझ्या चेहऱ्यावर इतका आनंद होता.

बोलले असते तर?

तुझ्यावरही माझा एक राग आहे, आज सांगूनच टाकते. तू कॉलनीतल्या निम्म्या पोरांना पोहायला शिकवलंस. दोघांना तर मालवणला नेऊन टाकीवर उतरवलंस. मला मात्र पोहण्यापुरतं शिकवून नऊ वर्षं काठावर दोर धरून उभं केलंस. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर सोड, तीन म्हणजे ओढ. “तुझ्यासारखा दोर कुणाला धरता येत नाय,” असं म्हणून तू मला फुगवायचास. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण एकदा तरी विचारायचंस ना, सुजू, तुला खाली यायचंय का?

मला यायचं होतं.

तो रविवार मी कितीदा मनात लावून पाहिला आहे. शहराबाहेरची ती दगडाची जुनी खाण, उभे कडे, हिरवं पाणी. कुणी बुडालेलं नव्हतं. नुसता सराव होता, नव्याने घेतलेल्या सेटचा. मी सवयीने दोर उलगडायला लागले तर तू अडवलंस.

“आज नको. मागच्या झडपांमध्ये गुंततो तो. तू चहा पी थर्मासमधला, मी अर्ध्या तासात आलो.”

तुझा तो पातळ सूट, पाठीवर दोन भरलेल्या टाक्या. खडकावरून उठताना तुला माझा हात धरावा लागला होता. उठलास, हसलास. “पाण्यात गेलं की वजन कळत नाय!”

आधी बुडबुडे संथ येत होते. मग दाट आले. एकाच जागी. मला वाटलं, झडपांचा सराव चाललाय. मी घड्याळ पाहिलं, वीस मिनिटं. खरंच चहा पीत होते मी, दादा. मग बुडबुडे फार दाट झाले आणि त्यांच्या मागोमाग गाळ वर आला, पाणी चहासारखं झालं. तेव्हा मी उठले.

मी हाका मारल्या. पाण्यात कोण ऐकणार? मग चपला काढून उडी मारली. तू शिकवलेलं पोहणं. किती खोल गेले असेन? तीन मीटर, फार तर चार. कान फाटायला लागले, छाती फुटायला आली, खाली काही दिसेना. वर आले, परत गेले. परत वर आले. माझ्या पायांखाली पंधरा-सोळा मीटरवर तू होतास आणि मला तुझ्यापर्यंत येता येत नव्हतं. माझ्या हातात दोरसुद्धा नव्हता.

तुझ्या जोडीने माणसं शोधायला उतरणारे रफिकभाई वेल्डिंगचं काम अर्धवट टाकून आले. त्यांनी तुला वर आणलं. तुझ्या टाक्यांमध्ये हवा शिल्लक होती. पिशवीची नळी मुळापासून सुटली होती. तुझा एक हात पट्ट्यातून बाहेर निघालेला होता, दुसरा निघाला नव्हता.

पुढे वर्षभर मी काय केलं? शाळा, घर, शाळा. आई रविवारी वंदनेला जायची, मी कुकर लावायची. तरंगण्या-बुडण्याचा धडा आला तेव्हा दोन दिवस रजा टाकली.

रफिकभाई अधूनमधून यायचे, बाहेरच्या खोलीत बसायचे. एकदा आई आत असताना हळूच म्हणाले, “सुजाता, एक बोलू? मी आता पन्नाशीला आलो. मिलिंद गेला. आता कोणाचा फोन आला तर मी गळ टाकून बसतो. दोन-दोन, तीन-तीन दिवस लोक काठावर बसलेले असतात, बेटा.” त्यांनी मला पाण्यात उतर असं सांगितलं नाही. नुसतं तेवढं बोलून चहा न घेता गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी मालवणला गेले. आईला सांगितलं, शाळेची सहल आहे. आपल्या आईशी मी खोटं बोलले.

तिथे तन्वी मॅडम भेटल्या. तुला शिकवणाऱ्या सरांची मुलगी. आता तीच सगळं बघते. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, पण पाण्यात तिच्यासमोर उभं राहिलं की आपण शाळकरी होतो. मी कुणाची बहीण ते तिला नावावरून कळलं. मी सुट्टीसुट्टीने जात राहिले, एका टाकीवरचं सगळं शिकले. मग या वर्षी मी म्हणाले, “मला दोन टाक्यांवर शिकायचंय. दादाचा सेट आहे घरी. त्यावरच शिकेन.”

मला केवढं मोठं वाटलं होतं ते, दादा! तुझ्या टाक्या माझ्या पाठीवर! मनात चित्रच तयार होतं.

ती म्हणाली, “नाही.”

“का नाही?”

“ताई, तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका ना? गणित तुम्हीच करा. या दोन टाक्या, मधलं लोखंड, पाठीची पट्टी, भरलेली हवा. हवेलाही वजन असतं. तुमचा पातळ सूट खोल गेल्यावर दबतो, त्याचं तरंगणं जातं. आणि तुम्ही समुद्रात नाही, गोड्या पाण्यात उतरणार. आता सांगा, पिशवी फुटली तर तुम्हाला खाली ओढणारं वजन किती?”

मी कागदावर मांडलं. जवळजवळ दहा किलो आलं. मी तीनदा मांडलं. नववीतल्या कुठल्याही मुलाला आलं असतं ते गणित.

“दहा किलो घेऊन तुम्ही पायांनी वर पोहू शकाल?” तिने विचारलं.

मी म्हणाले, शकेन. खोटं नव्हतं ते, हट्ट होता. तू शकला नसशील हे मला मान्यच करायचं नव्हतं. नाशिकमध्ये तुझ्याइतकं पोहणारं कोण होतं?

मे महिन्यात ती नाशिकला आली. “एकदा करून बघू,” म्हणाली. “माझ्या देखत, पाच मीटरपेक्षा खोल नाही.” दुसरी खाण निवडली, पायऱ्या-पायऱ्यांची, जिथे पाच मीटरवर रुंद कट्टा आहे. काठावर दोर घेऊन रफिकभाई. पाठीवर तुझ्या टाक्या, त्यांवर नवी पिशवी. मॅडम माझ्या अगदी समोर, एक हात माझ्या पट्ट्यावर.

कट्ट्यावर उभी राहिले. तिने खूण केली. मी पिशवीतली हवा सगळी सोडली. आणि पाय मारायला लागले.

दादा, मी एक हात वर गेले. दोन हात गेले. मग मांड्या पेटल्या. श्वास इतका जोरात चालला की रेग्युलेटरमधून पुरेना. वर उजेड दिसत होता, स्वच्छ, अगदी जवळ, आणि मी जिवाच्या आकांताने पाय मारत असूनही तो लांब जात होता. पाय थांबले आणि मी परत कट्ट्यावर आले. पुन्हा मारले. पुन्हा खाली. माझ्या तोंडातून निघालेले बुडबुडे दाट होऊन वर जात होते, ते मी खालून पाहिले.

मग मला कळलं मी त्या दिवशी काठावरून काय पाहत होते.

मॅडमने माझ्या पिशवीत हवा भरली आणि मला वर आणलं. मी रफिकभाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून जशी रडले, तशी तू गेलास तेव्हाही रडले नव्हते. रफिकभाई म्हणत होते, “हो गया बेटा, हो गया.” त्यांचंही तोंड ओलं होतं.

जरा वेळाने मी मॅडमला ती फोनची गोष्ट सांगितली. स्टील घे असं मी म्हणाले होते, ती. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. तिने मान खाली घालून ऐकलं.

“ताई, तुम्ही स्टील म्हणालात म्हणून ते गेले नाहीत,” ती म्हणाली. “आणि यात तुमचा काहीच संबंध नाही, असंही मी खोटं सांगणार नाही. टाक्या जड, सूट पातळ, पाणी गोडं, पिशवी एकच आणि तीही जुनी, सोबत कुणी नाही, दोर नाही. यातली एक गोष्ट जरी वेगळी असती तरी ते वर आले असते. एकेकट्या वापराल तर या टाक्या उत्तम आहेत.”

हे ऐकून मला बरं वाटलं का? नाही. पण खरं वाटलं. अडीच वर्षांत लोकांनी जे जे समजुतीचं सांगितलं, त्यातलं काहीच खरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाहेरून घरी आले तर दुसरंच वाट बघत होतं. आदल्या दिवशी धुऊन मोरीत लपवलेला माझा सूट आईने दोरीवर वाळत घातला होता. सगळ्या कॉलनीला दिसेल असा. ती ओट्यापाशी भाजी निवडत बसली होती.

“सहलीला असलं घालतात होय?” तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

मी तिच्यासमोर बसले. म्हटलं आता रागावेल, शपथ घालेल. ती भाजीच निवडत राहिली. मग म्हणाली, “मला आजवर कुणी नीट सांगितलं नाही. डॉक्टर बोलले, पाणी गेलं फुफ्फुसात. ते सगळ्यांच्याच जातं. माझं पोरगं माशासारखं पोहायचं. ते का बुडालं, तेवढं मला समजावून सांग. तू मास्तरीण हायेस ना?”

दादा, मी कितीतरी वर्गांना शिकवलं, पण असा तास कधी घेतला नव्हता. बादली भरून आणली. स्टीलचा पेला घेतला, पाण्यात सोडला. तळाशी गेला. मग पेल्याला फुगा बांधून सोडला. वर राहिला. आई पाहत होती. मी फुग्याला टाचणी लावली.

पेला हळूहळू, डुलत डुलत खाली गेला.

आईने बादलीत हात घालून पेला बाहेर काढला. “म्हणजे त्याचं पोहणं कमी नव्हतं पडलं,” ती म्हणाली.

“नाही आई. त्या वजनापुढे कुणाचंही पडलं असतं.”

“आन् तुझा फुगा फुटला तर?”

“म्हणूनच सगळं असं निवडायचं की फुगा फुटला तरी मला नुसत्या पायांनी वर येता आलं पाहिजे. टाक्या हलक्या. कमरेला थोडी वजनं, एका झटक्यात टाकून देता येतील अशी. पाण्यात सोबतीला माणूस असल्याशिवाय उतरायचं नाही. पिशवी मोठी नाही, लागेल तेवढीच. फार मोठी असली तर आतली हवा इकडून तिकडे पळते आणि माणूस तिच्या मागे लोळतो.”

आईने पदराने हात पुसले. “एकच पिशवी कशाला? घरात दोन कंदील असायचे आमच्या. एक गेला की दुसरा. दोन पिशव्यांची मिळत नाय का?”

मिळते! आणि आमच्यासारख्या पातळ सुटात उतरणाऱ्यांनी तीच घ्यावी, असं तन्वी मॅडमने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आईचा चेहरा बघायला हवा होतास तू!

“जा म्हणत नाय मी तुला,” आई म्हणाली. “कधीच म्हणणार नाय. पण जाशीलच तर मला दाखवून घे. एकेक वस्तू.”

तसंच केलं. ॲल्युमिनियमच्या दोन टाक्या घेतल्या, अकरा लिटरच्या. त्यांत तुझ्यापेक्षा हवा कमी मावते, म्हणून मी खाली कमी वेळ राहते, बस. हवेच्या तीन वाटण्या: पहिली जायला, दुसरी परत यायला, तिसरीला हात लावायचा नाही. नाशिक समुद्रापासून उंचावर आहे, त्यामुळे अंगात मुरलेला वायू निघून जायला वर येताना थांबायचं ते जरा जास्तच थांबायचं, तेही शिकले. दोन कप्प्यांची विंग आली तेव्हा आईने दोन्ही कप्पे फुगवायला लावले आणि रात्रभर हवा राहते का ते बघायला ती खाटेखाली ठेवून दिली. सकाळी दाबून पाहिली. मग “ठीक हाय,” म्हणाली. तिने नळीच्या मुळाशी अंगठ्याने दाबलं, रबर मऊ आहे ना ते बघायला. मी काही न सांगता तिला ते कसं सुचलं?

मग कट्ट्यावर जाऊन मी तीच परीक्षा पुन्हा दिली. माझा सेट, पिशव्या रिकाम्या. पाय मारले. सावकाश वर आले. नाक पाण्याबाहेर काढलं आणि रफिकभाई काठावर उभे राहून टाळ्या वाजवत होते, एकटेच. त्या क्षणी मला तुझा इतका राग आला, दादा! एवढं सोपं होतं! एवढंसं वेगळं घेतलं असतंस तर आज काठावर तू असतास.

आणि गेल्या आठवड्यात फोन आला.

पिंपळगावच्या बाजूला एक खाण आहे. पेठ तालुक्यातून द्राक्षांच्या कामाला आलेली माणसं तिच्याजवळ पालं टाकून राहिली होती. त्यांतली एक बाई, हिरा तिचं नाव, धुणं धुवायला गेली आणि घसरली. नवऱ्याने, काशिनाथने, तिची टोपली तरंगताना पाहिली. गळ टाकून झाले, काही लागत नव्हतं. तन्वी मॅडम मालवणहून निघून आल्या. आम्ही दोघी उतरलो. रफिकभाईंच्या हातात दोर.

एकवीस मीटर. अंधार, गाळ. हाताने चाचपत जायचं. हवा दाखवणारा माझा काटा पहिल्या वाटणीच्या शेवटाला आला तेव्हा आम्ही एका कडेला पोचलो होतो आणि पुढे खडकाखाली पोकळी होती. माझ्या मनाने सांगितलं, ती तिथेच आहे. दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं, मग वळू. टाक्यांत हवा भरपूर होती. काठावर तिची माणसं बसली होती. मी पुढे हात घातला.

मॅडमने माझा दंड धरला. तिने खूण केली नाही, ओढलं नाही, नुसता धरून ठेवला. मी वळले.

वर आले तर सगळे उठून उभे राहिले होते. माझे हात रिकामे. मागून कुणी तरी म्हणालं, “एवढं सामान लावून काय उपेग?” मी तोंडातला रेग्युलेटर काढला आणि काशिनाथसमोर जाऊन सांगितलं, “नाही सापडल्या. उद्या सकाळी पुन्हा जाते.” तो माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मी विसरणार नाही. त्यापेक्षा खालचा अंधार बरा.

दुसऱ्या दिवशी ती त्या पोकळीतच होती. दोन मिनिटांचं काम नव्हतं ते, दादा. तिचा पदर खडकात अडकला होता. सोडवायला आम्हा दोघींना बराच वेळ लागला. आदल्या दिवशी मी गेले असते तर मला तो सोडवता आला नसता, आणि मी तो हातातून सोडला नसता. मला मी माहीत आहे. तू माहीत आहेस.

आम्ही तिला वर आणलं. बायकांनी आडोशाला साडी धरली, मग तीच तिच्यावर पांघरली. पोलिसांचं लिहून झालं. मी एका दगडावर बसले होते, दात वाजत होते. काशिनाथ आला. हातात त्याची घोंगडी होती. माझ्या अंगावर टाकली.

“घरी कोण हाय, बाय?” त्याने विचारलं.

“आई.”

“वाट बघत आसंल. तू बसू नको आता हितं. जा तिच्याकडं.”

ज्याची बायको समोर साडीखाली होती, तो माणूस मला घरी पाठवत होता.

मी घरी गेले. आई दारात होती. तिने पाणी तापवून ठेवलं होतं. आंघोळ करून आले तेव्हा ती म्हणाली, “त्या गॅलरीतल्या टाक्या रफिकभाईंना देऊन टाक. पडून कशाला राहतात?” म्हणून आज ते पान्हे घेऊन आले. आम्ही जोडनळी काढली, पट्टे सोडले, टाक्या सुट्या केल्या. एक रफिकभाई धरणावरच्या उथळ कामाला वापरतील, एकेकटी. दुसरी मालवणला जाईल, तिथे नवे लोक तिच्यावर शिकतील. आईने दोन्हींवरून हात फिरवला. मीही.

दादा, काठावरची माणसं समोर बसलेली असली की वर येणं किती अवघड असतं, हे मला आता कळलंय. तुला कुणी धरून ठेवणारं नव्हतं. मला आहे. म्हणून एवढंच वचन देते. जे माणूस गेलेलं आहे, त्याच्यासाठी मी पुन्हा पुन्हा खाली जाईन. पण काटा वळायचं म्हणाला की वळेन. सापडलं तर घेऊन येईन. नाही सापडलं तर रिकाम्या हातांनी वर येईन, त्यांच्या डोळ्यांत बघून तसं सांगेन, आणि मग आपल्या आईकडे जाईन.

जय भीम, दादा.

तुझीच,
सुजू